ब्रिटिश हेवीवेट किताब : एका तुटक वंशावळीचा आढावा

ब्रिटिश बॉक्सिंगचा इतिहास लिहिणाऱ्याचे काम तुलनेने सोपे आहे. १९०९ पासून लॉन्सडेल पट्टा आहे, १९२९ पासून नियामक मंडळ आहे, आणि अमुक वर्षी हेवीवेट विजेता कोण होता हे दप्तर उघडून सांगता येते. त्याच देशात, पुष्कळदा त्याच सभागृहांत, व्यावसायिक कुस्तीही चालत आली. तिच्यातही ब्रिटिश हेवीवेट किताब होता, पट्टा होता, विजेते होते. मात्र या विजेत्यांच्या याद्या करायला बसलेल्या जाणकारांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्या का जुळत नाहीत यावरही एकमत नाही.

अडचणीचे मूळ उघड आहे. या कुस्तीचे निकाल बहुतांशी आधी ठरलेले असत; आपल्याकडे तिला नुरा कुस्ती म्हणतात. ठरवून दिलेला किताब ठरवून काढूनही घेता येतो, आणि देणारे दोन झाले की किताबही दोन होतात. (महाराष्ट्र केसरीची गदा एकाच मोसमात दोन ठिकाणी दिली गेलेली ज्यांनी अलीकडेच पाहिली, त्यांना हे वेगळे समजवायला नको. तिथे निदान कुस्त्या खऱ्या होत्या.) मग अशा किताबाचा इतिहास लिहायचा तो कशाचा? पैलवानांचा, प्रवर्तकांचा की एका लांबलेल्या नाटकाचा? गेल्या तीसेक वर्षांतला वाद या तीन उत्तरांभोवती फिरतो.

म्युझिक हॉलचे दिवस

लँकाशायरच्या खाणपट्ट्यात, विशेषतः विगन गावाभोवती, कामगारांची ‘कॅच-ॲज-कॅच-कॅन’ नावाची कुस्ती रुजलेली होती. पकड कुठेही धरायची, पायाला हात घालायचा, सांधा पिळून प्रतिस्पर्ध्याला शरण आणायचे, असा तिचा रोख. उत्तरेला कंबरलँड आणि वेस्टमोरलँडमध्ये एकमेकांच्या पाठीमागे हात बांधून उभ्याने खेळायची वेगळीच पद्धत होती. लंडनच्या म्युझिक हॉलांनी कुस्ती उचलली ती मात्र परदेशी ताऱ्यांसाठी. एस्टोनियात जन्मलेल्या जॉर्ज हॅकेनश्मिटने ३० जानेवारी १९०४ रोजी ऑलिंपिया सभागृहात तुर्की पैलवान अहमद मद्रालीला मिनिटाच्या आत लोळवून त्याचा हात निखळवला, तेव्हा कुस्ती हा राजधानीच्या चर्चेचा विषय झाला.

त्या काळात ‘विजेता’ ठरवण्याचा अधिकार थिएटरमालक आणि वृत्तपत्रे यांच्याकडे होता. याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. १९१० साली गामा आणि त्याचा भाऊ इमाम बक्ष लंडनला गेले. गामाने ८ ऑगस्टला अल्हाम्ब्रामध्ये अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला हरवले आणि १० सप्टेंबरला शेफर्ड्स बुशच्या स्टेडियममध्ये पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झबिस्कोशी गाठ घेतली. झबिस्को बहुतेक वेळ पोटावर पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गेला तरी निकाल लागला नाही. १७ तारखेला पुन्हा कुस्ती ठेवली, तर झबिस्को आलाच नाही, आणि ‘जॉन बुल’ या साप्ताहिकाने ठेवलेला जागतिक विजेत्याचा पट्टा गामाला मिळाला. भारतीय उपखंडात गामा तेव्हापासून जगज्जेता. पाश्चात्त्य याद्या मात्र १९०८ मध्ये शिकागोला हॅकेनश्मिटला हरवणाऱ्या फ्रँक गॉचकडून पुढे सरकतात; त्यात लंडनच्या पट्ट्याला जागा नाही. गामाची कुस्ती खरी होती यावर दोन्ही बाजूंचे फारसे दुमत नाही. वाद आहे तो पट्टा देणाऱ्याच्या अधिकाराचा. ‘जॉन बुल’चा मालक हॉरेशियो बॉटम्ली पुढे १९२२ मध्ये अफरातफरीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, हा केवळ योगायोग म्हणून सोडून द्यावा.

ऑल-इन आणि पहिला विजेता

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही लाट ओसरली. ज्याला ब्रिटिश हेवीवेट किताब म्हणून सलग ओळखता येते तो डिसेंबर १९३० नंतरचा. त्या महिन्यात लंडन आणि मँचेस्टरला ‘ऑल-इन’ या नावाने नव्या कुस्तीचे कार्यक्रम झाले. आघाडीवर होता ॲथोल ओकली, जुन्या खानदानी घराण्यातला माणूस. स्वतः लढणारा आणि स्वतःच प्रवर्तक. बहुतेक याद्यांत पहिला विजेता म्हणून त्याचेच नाव आहे. त्याने १९७१ मध्ये लिहिलेले आत्मकथन या काळाचा मोठा आधार मानले जाते. म्हणजे किताब देणारा, घेणारा आणि त्याची साक्ष देणारा, तिघे एकच.

ऑल-इनच्या दिवसांत हेवीवेट विजेतेपदावर अनेकांनी दावे केले. त्यांतला डग्लस क्लार्क हा हडर्सफील्डचा रग्बी लीगपटू लोकांना खरा दमदार वाटे. पण दशकाच्या शेवटी चिखलातल्या कुस्त्या आणि खुर्च्यांची फेकाफेक यांना ऊत आला, आणि लंडनच्या काउंटी कौन्सिलने ऑल-इनवर बंदी घातली. किताबाच्या वंशावळीत इथे पहिली मोठी फट पडते.

नियम आले, मग मक्तेदारी आली

दुसऱ्या महायुद्धानंतर कुस्तीला पुन्हा प्रतिष्ठा द्यायची तर दारावर मोठी नावे हवी होती. १९४७ मध्ये एक समिती बसली. अध्यक्ष ॲडमिरल लॉर्ड माउंटएव्हान्स, म्हणजे कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतला दुय्यम अधिकारी. सोबत बीबीसीमुळे घरोघरी माहीत झालेला कमांडर कँबेल, मजूर पक्षाचा खासदार मॉरिस वेब, आणि कुस्ती खरोखर जाणणारा एकटा, माजी ऑलिंपिकपटू नॉर्मन मोरेल. त्यांनी फेऱ्या, पकडी आणि शिक्षा यांचे नियम ठरवले आणि सात वजनगट आखले. सर्वांत हलका गट ११ स्टोनपर्यंत, म्हणजे ७० किलोपर्यंत; हेवीवेट साधारण ९५ किलोच्या वर. प्रत्येक गटाला विजेता आणि त्याच्या कमरेला लॉर्ड माउंटएव्हान्सच्या नावाचा पट्टा अशी योजना होती.

नियम झाले तरी ते राबवणारे स्वतंत्र मंडळ कधीच उभे राहिले नाही. ती जागा १९५२ मध्ये प्रवर्तकांनी घेतली. मोरेल, डेल मार्टिन, रेल्विस्कॉव्ह, लिव्हरपूलचा बिली बेस्ट वगैरेंनी ‘जॉइंट प्रमोशन्स’ हा संघ काढला, देश आपापसात वाटून घेतला आणि विजेते कोण हेही ठरवायला सुरुवात केली. नंतरची मोठी भांडणे इथूनच निघाली.

असिराटीचा प्रश्न

त्या वेळी हेवीवेट किताब बर्ट असिराटीकडे होता. १९०८ साली लंडनच्या इझलिंग्टनमध्ये जन्मलेला हा माणूस उंचीने बेताचा, वजनाने सव्वाशे किलोच्या आसपास जाणारा आणि तरुणपणी कसरतपटू. एवढ्या देहानिशी तो टांगत्या कड्यांवरची कसरत करी. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून त्याच्यासमोर उभे राहायला चांगले चांगले पैलवान कचरत. ठरलेल्या कुस्तीतही तो समोरच्याला दुखवी. अशा माणसाला ‘आज तू हर’ असे सांगणार कोण?

असिराटी जॉइंटबाहेर राहिला. जॉइंटने यॉर्कशायरच्या अर्नी बाल्डविनला विजेता मानले. असिराटी स्वतंत्र प्रवर्तकांकडे लढत राहिला आणि स्वतःला विजेता म्हणवत राहिला. त्याच्या बाजूचा युक्तिवाद साधा आहे: किताब रिंगमध्ये हरला नाही, तर गेला कसा? जॉइंटच्या बाजूचा युक्तिवादही तितकाच साधा: मान्य आव्हानवीरांशी न लढणारा विजेता राहत नाही, बॉक्सिंगमध्येही हेच होते. फरक एवढाच की बॉक्सिंगचे मंडळ तिकिटे विकत नाही.

खरी कडू गोष्ट पुढची आहे. १९६० मध्ये जॉइंटविरोधी प्रवर्तकांनी हॅलिफॅक्सच्या शर्ली क्रॅबट्री या धिप्पाड तरुणाला ब्रिटिश हेवीवेट विजेता म्हणून पुढे आणले. असिराटी तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. तो क्रॅबट्रीच्या कार्यक्रमांना जाऊन लोकांसमोर उघड आव्हान देऊ लागला. क्रॅबट्रीच्या अंगात असिराटीशी खरी कुस्ती खेळण्याची विद्या नव्हती, हे त्याच्यासकट सगळ्यांना माहीत होते. हा ससेमिरा वर्षानुवर्षे चालला आणि १९६६ मध्ये क्रॅबट्रीने कुस्तीच सोडली. परतला तो सुमारे सहा वर्षांनी.

या प्रकरणावर सगळे अभ्यासक घुटमळतात, आणि ते योग्यच आहे. निकाल ठरवणाऱ्या धंद्यातही किताब कोणाकडे द्यायचा याला एक मर्यादा होती: जो तो खरोखर राखू शकेल त्याच्याकडेच तो सुरक्षित. दुबळ्याकडे दिला तर कोणीतरी ऐन कुस्तीत ठरलेले मोडून घेऊन जाणार. बलवानाकडे दिला तर तो परत देणार नाही. जॉइंटला हवा होता बलवान पण शब्द पाळणारा माणूस.

विगनचे रखवालदार

असे लोक विगनमध्ये तयार होत होते. बिली रायलीच्या तिथल्या तालमीला पुढे ‘स्नेक पिट’ म्हणून जगभर नाव मिळाले. पत्र्याचे छप्पर, जुजबी सामान आणि निर्दय सराव. बाल्डविननंतर किताब आला तो याच तालमीच्या बिली जॉइसकडे. दिसायला कारकुनासारखा, प्रसिद्धीची हौस नसलेला. पण त्याला खरोखर पाडणे जवळपास कोणालाच शक्य नव्हते असे त्याच्यासोबत सराव केलेले लोक एकमुखाने सांगत. जॉइसकडून मँचेस्टरच्या बिली रॉबिन्सनने १९६५ मध्ये युरोपियन आणि १९६७ मध्ये ब्रिटिश हेवीवेट किताब घेतला. गुरुबंधूंच्या या देवघेवीत निकाल ठरलेला असला तरी दोघांची लायकी ठरवून आलेली नव्हती. किताबाची शान सर्वांत जास्त होती ती याच दशकात, असे माझे मत.

१९७० मध्ये रॉबिन्सन अमेरिकेला निघून गेला. मागे राहिलेला किताब अल्बर्ट वॉल, ग्विन डेव्हिस अशा भरवशाच्या पण दुसऱ्या फळीतल्या पैलवानांत फिरत राहिला. त्या वर्षांबद्दल लिहिण्याजोगे थोडेच आहे.

पडद्यासमोर

आयटीव्ही वाहिनीने कुस्ती पहिल्यांदा दाखवली ९ नोव्हेंबर १९५५ रोजी, वेस्ट हॅमच्या स्नानगृहातल्या सभागृहातून. त्या दिवशीच्या चार पैलवानांत फ्रान्सिस सेंट क्लेअर ग्रेगरी होता. त्याचाच मुलगा टोनी सेंट क्लेअर १९७७ मध्ये ब्रिटिश हेवीवेट विजेता झाला. या बावीस वर्षांत शनिवारी दुपारी चारची कुस्ती ही लाखो घरांची सवय झाली. निवेदक केंट वॉल्टन सगळे खरे असल्याच्या सुरात बोले, आणि किताबाची कुस्ती असली की तो सूर थोडा अधिक गंभीर होई.

टेलिव्हिजनचा किताबावर परिणाम काय झाला यावर मतभेद आहेत. एक मत असे की वाहिनीने किताबाला राष्ट्रीय केले: पूर्वी गावोगावच्या जाहिरातींवर अवलंबून असलेले विजेतेपद सगळ्या देशाला एकाच वेळी दिसू लागले. दुसरे मत असे की पडद्याला पट्टा नको होता, व्यक्ती हव्या होत्या. वेल्टरवेटमधला खलनायक मिक मॅकमॅनस आणि सोनेरी केसांचा जॅकी पॅलो यांचे वैर लोकांना पाठ होते. त्यात पट्टा कोणाचा हे फार थोड्यांना आठवत असेल. हलक्या गटांत मात्र पट्ट्याला अर्थ राहिला. डंडीचा जॉर्ज किड १९५० पासून निवृत्तीपर्यंत जागतिक लाइटवेट विजेता म्हणून मिरवला, आणि पुढे ‘डायनामाइट किड’ म्हणून अमेरिका-जपान गाजवणारा पोरसवदा टॉम बिलिंग्टन पहिल्यांदा नजरेत भरला तो १९७७ मध्ये जिम ब्रेक्सकडून ब्रिटिश लाइटवेट किताब घेऊन.

हेवीवेटमध्ये वारे उलटे वाहत होते. १९७५ पासून सामने ठरवण्याची सूत्रे शर्लीचा भाऊ मॅक्स क्रॅबट्रीकडे आली. परतलेला शर्ली आता ‘बिग डॅडी’ होता: चमकीचा अंगरखा, पोटाची धडक, पोराटोरांचा लाडका. त्याचा जोडीदार आणि नंतरचा शत्रू म्हणजे चाळीस स्टोनहून, अडीचशे किलोहून, जड असलेला जायंट हेस्टॅक्स. १९७८ मध्ये हेस्टॅक्सने सेंट क्लेअरकडून हेवीवेट किताब घेतला आणि पुढच्या वर्षी तो सेंट क्लेअरकडे परत गेला. पण १९८१ मध्ये वेम्ब्ले अरीना भरला तो किताबासाठी नव्हे. डॅडी आणि हेस्टॅक्स एकमेकांवर आदळणार म्हणून. ब्रिटनच्या सर्वांत लोकप्रिय हेवीवेटकडे त्याच्या भरभराटीच्या काळात ब्रिटिश हेवीवेट किताब नव्हता, आणि त्याची कोणाला उणीव भासली नाही. बऱ्याच जुन्या पैलवानांनी या काळाला ऱ्हास म्हटले. त्यांच्या म्हणण्यात मत्सराचा अंश असला तरी, किताबापुरते ते बरोबर होते.

डिसेंबर १९८८ मध्ये आयटीव्हीने कुस्ती बंद केली. त्याआधीच, १९८५ मध्ये, पॅलोने आत्मकथनात निकाल ठरवलेले असत हे छापून टाकले होते.

साम्राज्याची शाखा

एक फाटा मुंबईपर्यंत येतो. ब्रिटिश किताबांच्या शेजारी साम्राज्याचा, नंतर राष्ट्रकुलाचा हेवीवेट किताब असे. १९५९ मध्ये कलकत्त्याला दारासिंगने कॅनडाच्या जॉर्ज गॉर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल विजेता म्हणून मान मिळवला, आणि मे १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझवर विजय मिळवल्यावर त्याला जगज्जेता म्हटले गेले. अमेरिकी याद्यांत हा दुसरा किताब येत नाही. गामाच्या वेळचीच तक्रार, दिशा मात्र उलटी: तेव्हा लंडनचा शिक्का अपुरा पडला, आता मुंबईचा.

पट्ट्यांचा सुकाळ

टेलिव्हिजन गेल्यावर ब्रायन डिक्सनची ‘ऑल स्टार’ ही संस्था सुटीच्या छावण्यांत आणि गावच्या सभागृहांत कार्यक्रम करत तगून राहिली, आणि जुना किताब नावापुरता तिच्यासोबत चालत राहिला. २००० नंतर फ्रंटियर रेसलिंग अलायन्स आणि २०१२ पासून रेव्होल्यूशन प्रो यांनी आपापले ब्रिटिश हेवीवेट पट्टे काढले. यांपैकी कोणताही पट्टा असिराटी-जॉइस-रॉबिन्सनच्या रांगेत कायदेशीर वारस म्हणून बसत नाही. नाव तेवढे तेच.

मग अमेरिकी भांडवल आले. डब्ल्यूडब्ल्यूईने जानेवारी २०१७ मध्ये ब्लॅकपूलला स्पर्धा घेऊन युनायटेड किंगडम किताब काढला आणि १९ वर्षांचा टायलर बेट पहिला विजेता झाला. त्याच्याकडून पीट डनने, डनकडून २०१९ मध्ये ऑस्ट्रियाच्या वॉल्टरने तो घेतला आणि वॉल्टरने तो ८७० दिवस राखला. सप्टेंबर २०२२ मध्ये तो अमेरिकी किताबात विलीन करण्यात आला. त्यावर ‘ब्रिटनचा किताब फ्लोरिडाच्या कचेरीतून उघडला आणि तिथूनच बंद झाला’ अशी टीका झाली. ती रास्त आहे. पण त्या पाच वर्षांत ब्रिटिश पैलवानांना नियमित पगार मिळाला, हेही टीकाकारांना मान्य करावे लागते.

तीन पक्ष

आज या विषयावर लिहिणाऱ्यांत ढोबळमानाने तीन पक्ष दिसतात. पहिला वंशावळवाद्यांचा. हे बहुधा हौशी संशोधक. जुन्या जाहिराती, कार्यक्रमपत्रिका आणि स्थानिक वृत्तपत्रे चाळून ते कोण कोणाकडून कधी हरले याची साखळी जुळवतात. त्यांच्यातल्याही अर्ध्यांचा कल जॉइंटकडे, अर्ध्यांचा असिराटीकडे. त्यांच्या चिकाटीशिवाय कोणालाच काही लिहिता आले नसते.

दुसरा पक्ष कारागिरीचा. रॉबिन्सनचे आत्मकथन आणि विगनच्या शिष्यांच्या आठवणी यांचा तो आधार घेतो. त्याच्या मते पट्टा कोणाकडे होता यापेक्षा बंद दाराआड कोण कोणाला पाडू शकत होता हे महत्त्वाचे. आकर्षक विचार, पण बंद दाराआडच्या कुस्त्यांची साक्ष पाडणाऱ्यांच्या मित्रांकडूनच मिळते.

तिसरा पक्ष विद्यापीठीय. रोलाँ बार्थने १९५७ मध्येच कुस्ती हा खेळ नसून दृश्यप्रयोग आहे असे मांडले. ब्रिटनपुरते बेंजामिन लिदरलँडने २०१८ च्या पुस्तकात कुस्तीला खेळ आणि करमणूक यांच्या सीमेवर ठेवून पाहिले. या दृष्टीने किताब हे कथानक पुढे नेण्याचे साधन. सायमन गारफिल्डचे १९९६ चे मुलाखतींचे पुस्तक तिन्ही पक्ष वापरतात आणि आपल्याला हवे ते त्यातून काढतात. मला तिसरा पक्ष बहुतेक बाबतींत पटतो, पण असिराटीपाशी तो अडखळतो. नुसते नाटकाचे साहित्य असते तर त्यापायी एका माणसाला सहा वर्षे घरी बसावे लागले नसते.

न सुटलेले

स्त्रियांच्या किताबाचा इतिहास अजून अर्धाही लिहिला गेलेला नाही. लंडनमध्ये स्त्रियांच्या कुस्तीवर दशकानुदशके बंदी होती. ब्रिटिश विजेती म्हणून ओळखल्या गेलेल्या मिट्झी म्युलरची बहुतेक कारकीर्द राजधानीबाहेरच्या सभागृहांत गेली. वंशावळवाद्यांची साधने तिथे फार तोकडी पडतात.

दुसरा प्रश्न नागरिकत्वाचा. जुन्या किताबासाठी विजेता ब्रिटिश असणे गृहीत होते. रेव्होल्यूशन प्रोचा पट्टा मात्र शिबाता, मिनोरू सुझुकी आणि इशी या जपानी पैलवानांनीही मिळवला आहे. परंपरावाद्यांना हे खटकते. पण विगनची विद्या जपानला नेली ती तिथेच शिकलेल्या कार्ल गॉचने (शिकागोचा फ्रँक गॉच वेगळा) आणि पुढे बिली रॉबिन्सनने. सुझुकी हा कार्ल गॉचच्याच हाताखाली घडलेला. घराणे तालमीवरून मोजले तर सुझुकी जॉइसला हेस्टॅक्सपेक्षा जवळचा ठरतो.

तिसरा प्रश्न, हा खेळ की नाटक, आता सरकारदरबारी गेला आहे. कुस्तीतल्या लैंगिक शोषणाच्या तक्रारी २०२० मध्ये मोठ्या संख्येने पुढे आल्यावर ब्रिटिश संसदेतल्या सर्वपक्षीय गटाने २०२१ मध्ये अहवाल दिला. प्रशिक्षण देणाऱ्या शाळांना खेळाच्या चौकटीत आणावे आणि कार्यक्रमांकडे रंगभूमीप्रमाणे पाहावे, असा त्याचा सूर होता. ही विभागणी अमलात आली तर विगनची पकड शिकवणारी तालीम खेळाच्या खात्यात जाईल, आणि ब्रिटिश हेवीवेटचा पट्टा नाट्यसामानाच्या यादीत.